झेब्र्यावर खोगीर का चढलं नाही?

शंकेखोर (धागाकर्ता)

एक जुना कृष्णधवल फोटो पाहिला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. बग्गीत एक दाढीवाला धिप्पाड गृहस्थ ऐटीत बसलाय आणि बग्गीला चक्क झेब्रे जुंपलेत. गृहस्थ म्हणजे वॉल्टर रॉथस्चाइल्ड. बँकवाल्या घराण्यातला, पण बँकेपेक्षा प्राण्यांत जीव रमलेला. झेब्र्यांची ही बग्गी तो थेट बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत घेऊन गेला होता म्हणे.

आजवर माझी समजूत अशी की झेब्रा म्हणजे अंगाला हात लावू न देणारं जनावर. इथे तर तो लगाम लावून, रांगेत, शहरातून चालतोय. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. मग पुढे काय झालं? घोडा पाळला, गाढव पाळलं, उंट पाळला, झेब्रा तेवढा का राहिला? नुसतं "तो जंगली असतो" म्हणू नका. घोडाही कधीतरी जंगलीच होता. माझं घोडं अडलंय ते इथेच.

टवाळ_तट्टू

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

बाकी झेब्र्यावर कुणी चढत नाही हे साफ खोटं. रोज लाखो लोक त्याला तुडवत रस्ता ओलांडतात.

रिकीब

गेली अकरा वर्षं घोडे शिकवते, म्हणून शरीरापुरतं बोलते. स्वभावाचं डॉक्टर मंडळी सांगतील.

दुरून झेब्रा म्हणजे पट्टे मारलेला घोडा वाटतो. जवळून पाहिलात तर गाढवाचा चुलतभाऊ वाटेल. अयाळ बघा, घोड्यासारखी मानेवर रुळत नाही, ब्रशसारखी ताठ उभी असते. शेपटीला मुळापासून केस नाहीत, फक्त टोकाला झुपका. कान मोठे. घोड्याच्या चारही पायांना आतल्या बाजूने एक खरखरीत, शिंगासारखी गाठ असते. झेब्र्याला आणि गाढवाला ती फक्त पुढच्या पायांना. आणि आवाज! मैदानी झेब्रा खिंकाळत नाही. कुत्र्याने उचकी देत भुंकावं तसं ओरडतो.

आता स्वाराच्या कामाचं. घोड्याच्या मानेच्या मुळाशी, पाठ सुरू होते तिथे उंचवटा असतो. खोगीर त्याच्या मागे बसतं आणि पुढे सरकत नाही. झेब्र्याचा तो भाग सपाट. उतारावर खोगीर सुळकन मानेवर येणार, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, दुमची, बांधायलाच हवी. ज्या जनावराला मागून हात लावायची सोय नाही त्याच्या शेपटीखालून पट्टा कोण घालणार, ते आपापसांत ठरवा.

वजनाचंही गणित आहे. जनावराने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं न्यावं असा आम्ही अंदाज धरतो. मैदानी झेब्रा ३०० किलोच्या आसपास. म्हणजे खोगिरासकट ६० किलो. धाग्यावरच्या किती जणांना परवडेल?

टवाळ_तट्टू

वैयक्तिक टीका केल्याबद्दल रिकीबताईंचा निषेध.

शंकेखोर

ताई, हे भारीच. पण गाढवाची पाठही सपाट आणि आकारही लहान. तरी ते हजारो वर्षं ओझी वाहतंय. मग शरीर हे कारण झालं का?

रिकीब

नाही झालं. ते फक्त "घोड्याइतका सोयीचा का नाही" याचं उत्तर आहे. पहिल्यांदा पाळले गेले तेव्हा घोडेही काही आजच्यासारखे उंचेपुरे नव्हते.

खूर_डॉक्टर

प्राणिसंग्रहालयात पशुवैद्य म्हणून काही वर्षं काढली आहेत. कुठल्या ते विचारू नका.

वाघाच्या पिंजऱ्यापाशी सगळे सावध असतात, त्यामुळे तिथे सहसा काही होत नाही. झेब्र्यापाशी नवा माणूस गाफील असतो, कारण डोक्यात घोडा बसलेला असतो. घोडा चावला तर बहुतेक वेळा लगेच सोडतो. झेब्रा पकडतो आणि सोडत नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या दंडावर त्याची खूण आहे. अजून तो तिला "पट्टेवाल्याची सही" म्हणतो. लाथ तर निशाणा धरून मारतो. मागच्या दोन पायांची दुगाणी सिंहाचा जबडा मोडू शकते, आपली नडगी म्हणजे काय.

दुसरं, फास. घोड्याच्या गळ्यात दोर टाकता येतो. झेब्र्याची नजर त्या फासावरच असते आणि तो नेमका वेळेला डोकं खाली घालतो. म्हणून आम्ही दोराच्या भानगडीत पडतच नाही.

पण "खुनशी", "माजोरडा" वगैरे विशेषणं मला पटत नाहीत. तो घाबरट आहे, अतोनात घाबरट. ज्या मैदानावर सिंह, तरस, रानकुत्रे आणि नदी ओलांडताना मगर, तिथे ज्याने आधी पळून मग विचार केला त्याचीच पिल्लं जगली. पळायला जागा उरली नाही की तो उलटतो. पिंजऱ्यात पळायला जागा नसतेच.

मिरमिरीत

लांडगे तर घोड्यामागेही होते की. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात काय ससे फिरत होते? सिंहाचं कारण फार ऐकलंय, पटत नाही.

खूर_डॉक्टर

मुद्दा बरोबर आहे. फरक प्रमाणाचा आहे. शिवाय एक शिकारी आपण विसरतो, माणूस. आफ्रिकेत माणूस आणि झेब्रा लाखो वर्षं एकमेकांना ओळखत होते. दोन पायांवर चालत येणारा प्राणी धोकादायक असतो हे त्यांना फार आधीपासून माहीत होतं.

मिरमिरीत

आणि गाढव? तेही आफ्रिकेचंच आहे, डॉक्टरसाहेब. आफ्रिकी रानगाढवापासून सुमारे ७,००० वर्षांपूर्वी पाळीव गाढव झालं. तिथेही सिंह होते आणि माणूसही होता.

टवाळ_तट्टू

डॉक्टरांची दांडी गुल. पुढचा चेंडू टाका.

दफ्तरखाना

उशिरा आलो, वरातीमागून घोडं. पण धाग्यात एक गोष्ट गृहीत धरली जातेय की प्रयत्न फसले. कागदपत्रं पाहिली तर चित्र जरा वेगळं दिसतं.

१८९१ मध्ये होरेस हेस नावाच्या इंग्रज अश्वशिक्षकाने पूर्ण वाढलेला, खच्ची न केलेला पहाडी झेब्रा दोन दिवसांत स्वारीला तयार केला. इतका की त्याच्या बायकोने वर बसून फोटो काढून घेतला. मैदानी झेब्रा शिकवायला त्याहून सोपा असं त्याचं मत होतं. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये झीडरबर्ग यांच्या टपालगाड्यांना झेब्रे जुंपून पाहिले गेले. जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, वसाहतीच्या सरकारने झेब्रे पकडून त्यांना कामाला लावायचा घाट घातला होता.

आणि माझा सर्वांत लाडका स्वार म्हणजे नैरोबीचे डॉ. रोझेंदो रिबेरो. मूळचे गोव्याचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैरोबी म्हणजे रेल्वेच्या कामाभोवती उभी राहिलेली झोपड्यांची वसाहत. तिथे हे डॉक्टर रोगी तपासायला झेब्र्यावर बसून जायचे. १९०२ च्या प्लेगचं निदान त्यांचंच. त्यांचाही फोटो आहे. झेब्रा शांत उभा, डॉक्टर त्याहून शांत.

शंकेखोर

काय सांगता! गोव्याचा माणूस झेब्र्यावर! या एका माहितीने धागा वसूल झाला.

पण मग माझा प्रश्न आणखी अवघड झाला. जमत होतं तर सोडलं का?

दफ्तरखाना

हौस आणि गरज यांतला फरक. युरोपीय लोकांना आफ्रिकेत झेब्रा आठवला तो त्यांचे घोडे मरत होते म्हणून. आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाचा रोग चिलटांमार्फत पसरतो आणि लागण झालेल्या घोड्यांपैकी ९० टक्क्यांपर्यंत घोडे दगावू शकतात. झेब्र्याच्या अंगात तोच विषाणू फिरत असतो आणि त्याला बहुधा शिंकही येत नाही. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या रोगातही घोडे आणि बैल आडवे व्हायचे, झेब्रा चरत राहायचा. म्हणजे हिशेब सोपा होता, इथलं हवापाणी सोसणारा घोडा हवा.

पुढे दोन गोष्टी झाल्या. जुंपलेले झेब्रे लांबच्या कामात लवकर थकायचे, बिथरायचे, खेचरापुढे त्यांचा निभाव लागेना. आणि तोवर रेल्वे आली, मोटार आली. ज्याला घोड्याचीच गरज उरली नाही तो झेब्रा कशाला शिकवत बसेल?

रानभैरी

इथे एक गोंधळ होतोय. माणसाळवणं आणि पाळीव करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा झेब्रा लहानपणी पकडला, जीव लावला, शिकवला, तर तो माणसाळतो. रॉथस्चाइल्डचे झेब्रे, रिबेरोंचा झेब्रा हे सगळे माणसाळलेले. पण त्यांचं शिंगरू जन्माला येताना पुन्हा रानटीच येणार. पाळीव म्हणजे ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या माणसाने निवडून वाढवल्या, ज्याचा स्वभाव रक्तात बदलला.

हत्ती घ्या. आशियाई हत्ती हजारो वर्षं लाकडं ओढतोय, लढाया लढतोय, पण तो पाळीव नाही. जवळजवळ प्रत्येक पिढी रानातून धरून नव्याने शिकवली गेली.

मिरमिरीत

सहमत. आयुष्यात पहिल्यांदाच.

रानभैरी

नोंद घेतली आहे. :)

पिढ्या निवडल्या तर किती लवकर फरक पडतो हे रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या कोल्ह्यांनी दाखवलंय. शास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये काम सुरू केलं. दर पिढीतले माणसाला सर्वांत कमी बुजणारे कोल्हे तेवढे पुढे वाढवायचे, एवढा एकच नियम. काही दशकांत शेपूट हलवत जवळ येणारे कोल्हे तयार झाले. झेब्र्याच्या बाबतीत असा चिकाटीचा प्रयोग कुणी केलाच नाही. शिंगरू व्हायला वर्षभराहून जास्त, मग ते वयात यायला काही वर्षं. एका माणसाच्या हयातीत किती पिढ्या होणार?

गणोबा

संकर करून बघितला नाही का कुणी? घोड्याचा स्वभाव आणि झेब्र्याची प्रतिकारशक्ती. मला वाटतं गुणसूत्रं आडवी येतात. घोड्याची ६४, गाढवाची ६२; झेब्र्याच्या तीन जातींत ग्रेव्ही झेब्र्याची ४६, मैदानी झेब्र्याची ४४, पहाडी झेब्र्याची ३२.

दफ्तरखाना

केला की. एडिनबरोजवळ पेनिक्विक इथे जेम्स कोसार इवार्ट यांनी १८९० च्या दशकात माटोपो नावाचा झेब्रा आणला आणि घोड्यांच्या माद्यांशी त्याचे संकर केले. १८९६ मध्ये जन्मलेल्या शिंगराचं नाव रोम्युलस.

पण त्यांचा मूळ हेतू वेगळाच होता. १८२० च्या आसपास लॉर्ड मॉर्टन यांच्या एका घोडीला क्वागा या आता नामशेष झालेल्या झेब्र्यापासून शिंगरू झालं होतं. पुढे तीच घोडी अरबी घोड्याला दाखवली तर त्या शिंगरांच्या पायांवरही पट्टे! लोकांनी निष्कर्ष काढला की पहिल्या नराचा ठसा मादीत कायमचा राहतो. डार्विनसुद्धा या गोष्टीत अडकला होता. इवार्ट यांनी संकर करून दाखवून दिलं की असं काही होत नाही. शुद्ध घोड्यांच्या शिंगरांनाही कधीकधी पायावर पट्टे येतातच.

संकराची पिल्लं झाली, कामालाही लागली, पण बहुतेक सगळी वांझ. खेचरासारखीच. दर वेळी नव्याने झेब्रा आणि घोडी.

टवाळ_तट्टू

या संकराला मराठी नाव काय? घोडा आणि गाढव मिळून खेचर. मग झेब्रा आणि घोडी मिळून झेचर. झेब्रा आणि गाढवीण मिळून झाढव. हरकती असल्यास सात दिवसांत कळवाव्यात.

रिकीब

झाढव! हसून हसून पुरेवाट. उद्यापासून तबेल्यातल्या एकाचं नाव बदलतेय.

पाटीपेन्सिल

अवांतर, पण जहांगीर बादशहाला १६२१ मध्ये एक झेब्रा नजर झाला होता. वाघासारखे पट्टे बघून कुणीतरी घोडा रंगवून आणलाय असा संशय आला. नीट तपासल्यावर ते देवाचंच रंगकाम असल्याची खात्री पटली. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं आणि ते आजही आहे. नंतर हा झेब्रा इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून गेला. बादशहाला आपल्या पागेत शेकडो घोडे असताना त्यावर बसून बघावंसं वाटलं नाही, हे मला लक्षणीय वाटतं.

टवाळ_तट्टू

रंगवून आणल्याचा संशय बरोबरच होता. फक्त पुढे माणसांनी तो खरा केला. जपानच्या संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले आणि माश्या चावायचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०२५ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, याच कामाला मिळालं. हे मी खरं सांगतोय, हलक्यात घेऊ नका.

खूर_डॉक्टर

खरं आहे. २०१९ मध्येच टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी घोड्यांना पट्टेरी झुली घातल्या होत्या. गोमाश्या घिरट्या तेवढ्याच घालायच्या, पण अंगावर उतरणाऱ्या कमी. पट्ट्यांनी सिंहाला चकवा मिळतो ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. आणि हो, पट्ट्यांखालची कातडी काळी असते, पांढरी नव्हे.

शंकेखोर

मंडळी, धागा चौखूर उधळलाय. माझा प्रश्न अजून खुंटीला टांगलेला आहे. मिरमिरीत यांनी काढलेल्या गाढवाच्या मुद्द्याला कुणीच उत्तर दिलेलं नाही.

रानभैरी

मी प्रयत्न करते, जरा लांबेल.

सगळ्यात सांगितलं जाणारं उत्तर असं की घोडे कळपात राहतात, कळपात मानाची उतरंड असते, माणूस त्या उतरंडीत वरची जागा पटकावतो. हे ग्रेव्ही झेब्र्यापुरतं चालतं. त्याचे नर आपापला इलाखा धरून एकटे राहतात, माद्या येतात-जातात, पक्का कळप नसतोच. पण मैदानी आणि पहाडी झेब्रे घोड्यासारखेच राहतात: एक नर, काही माद्या, त्यांची शिंगरं. उलट गाढवाच्या पूर्वजांचं समाजजीवन ग्रेव्हीच्या जवळ जाणारं. म्हणजे या सिद्धान्ताप्रमाणे झेब्रा पाळला जायला हवा होता आणि गाढव नाही. झालं उलटं. त्यामुळे उतरंडीवर मी फार भार टाकणार नाही.

मला वाटतं आपण तुलनाच चुकीची करतोय. एका बाजूला आजचा घोडा आणि दुसऱ्या बाजूला रानातला झेब्रा. आजचा घोडा हा माणसाने घडवलेला प्राणी आहे. २०२१ मध्ये जुन्या हाडांमधल्या डीएनएचा मोठा अभ्यास आला. आजचे सगळे पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खोऱ्यातल्या एका गटातून आले आणि सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी झपाट्याने सगळीकडे पसरले. त्या गटात दोन जनुकांवर जोरदार निवड झालेली दिसते. एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी, दुसऱ्याचा भीती आणि स्वभावाशी. रिकीबताईंची पाठ आणि डॉक्टरांचा घाबरटपणा, दोन्ही तिथे आहेत! घोड्याला ते जन्मजात मिळालेलं नव्हतं, निवडून निवडून आणलेलं आहे.

त्याआधी, साधारण ५,५०० वर्षांपूर्वी, कझाकस्तानातल्या बोताईच्या लोकांनीही घोडे बाळगले होते. २०१८ च्या अभ्यासानुसार त्यांचे वंशज म्हणजे मंगोलियातले आजचे रानटी प्रझेवाल्स्की घोडे, ६६ गुणसूत्रांचे. त्यांच्यावर आज कुणी मांड ठोकून दाखवावी. तो झेब्र्याइतकाच अवघड. तो दिसायला घोडा आहे म्हणून आपण त्याला "पाळायला नालायक" म्हणत नाही, एवढंच.

मिरमिरीत

म्हणजे गाढवाचं उत्तर असं, की कुणाला तरी त्याची निकड होती आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नेट लावला?

रानभैरी

बरंचसं. सहारा कोरडा पडत चालला होता, लोकांना लांबचा प्रवास करायचा होता, कमी पाण्यात ओझं नेणारं जनावर हवं होतं. आणि एकदा गाढव हाताशी आल्यावर शेजारचा झेब्रा नव्याने शिकवण्यात कुणाचा फायदा? मैदानी झेब्र्यांच्या मुलखात पोचेपर्यंत गाईगुरंही माणसांसोबत होतीच. झेब्र्याचा स्वभाव आड आला हे मी नाकारत नाही. पण तो एकटाच आड आला असंही नाही.

दफ्तरखाना

याला जोड म्हणून कुंगा. ४,५०० वर्षांपूर्वी मेसोपोटेमिया-सिरियात रथांना कुंगा नावाचं जनावर जुंपत. ते नेमकं काय हे कोडं होतं. २०२२ मध्ये डीएनएने सांगितलं: गाढवीण आणि सिरियन रानगाढवाचा नर यांचा संकर. तो नर इतका बेफाम की माणसाला तो कधी पाळताच आला नाही, आणि संकर वांझ, म्हणून दर पिढीला रानातून नवा नर धरून आणायचा. एवढा उपद्व्याप त्यांनी केला कारण तेव्हा तिथे घोडा नव्हता. घोडा आला आणि कुंगा संपला. सिरियन रानगाढवही विसाव्या शतकात नामशेष झालं.

क्वागाचंही तेच. पुढून झेब्रा, मागून तपकिरी घोडा असा हा झेब्रा हेसच्या मते कामाला योग्य होता. पण तो हे लिहीपर्यंत शेवटचा क्वागा आम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेला होता, १२ ऑगस्ट १८८३ ला.

गणोबा

हे वाचून वाईट वाटलं.

शंकेखोर

मलाही. फोटो पुन्हा उघडून बघितला. आधी मला त्यात रॉथस्चाइल्डची ऐट दिसली होती, आता झेब्र्यांचे मागे वळलेले कान दिसतात. का माझा भास?

रिकीब

मागे वळलेले कान म्हणजे नाराजी किंवा लक्ष मागे. घोड्यात तरी. फोटोवरून पैज लावू नका.

शंकेखोर

डॉक्टर, शेवटची शंका. दोर चालत नाही म्हणालात. मग झेब्रा एका जागेहून दुसरीकडे न्यायचा असेल तर काय करता?

खूर_डॉक्टर

वाट बघतो. वाहतुकीची पेटी त्याच्या आवारात दार उघडं ठेवून लावायची आणि खाणं तिच्याजवळ ठेवायचं. मग रोज थोडं थोडं आत सरकवायचं. कधी आठवडा, कधी तीन. एक दिवस तो आपणहून आत जातो आणि निवांत चरतो. तेव्हाही लगेच दार लावायचं नाही.

टवाळ_तट्टू

मग खोगीरही तसंच उघड्यावर ठेवून वाट बघायची का?

खूर_डॉक्टर

बघा ठेवून. पहिल्या दिवशी हुंगेल, दुसऱ्या दिवशी लाथ मारेल. तिसऱ्या दिवशी खोगीर शोधायला तुम्हाला आत पाठवू.